अनंताची पानं

मोगरा मी केसांत माळत नाही. खारेपाटणच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा सोबतच्या बायकांना वाटायचं, ही मिठबावची बाई भारीच शिष्ट दिसते. गजरा दिला तर हातात धरते, वास घेतल्यासारखं करते आणि टेबलावर ठेवून देते. वाटो बापड्यांना. प्रत्येकीला धरून कारण कुठं सांगत बसणार? आमच्याकडे बाळंतिणीचं मूल गेलं की तिचं दूध आटवायला मोगऱ्याच्या कळ्या ठेचून फडक्यात घालतात आणि छातीला घट्ट बांधतात. मी चौदा वर्षांची असताना चैत्रात माझ्या आईचं बाळ नवव्या दिवशी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आतेनं माझ्या हातात रोवळी दिली आणि म्हणाली, "मोगऱ्याच्यो कळयो हाड गो. उमललेलो नको." पाच-सहा दिवस मी रोज रोवळीभर कळ्या तोडून आणत होते. आईच्या खोलीत एरवी धुरीचा, ओव्याचा आणि तेलाचा वास असायचा, त्यात हा ठेचलेल्या मोगऱ्याचा वास मिसळला. आजही कुणाच्या तरी अंबाड्यावरून तो आला की मी खिडकीकडे सरकते.

बाळाला नाव नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी, आणि ते गेलं नवव्या दिवशी, त्यामुळे त्याला काय म्हणून आठवायचं हेही कुणाला माहीत नव्हतं. बाबा आणि शेजारचे एक काका त्याला पांढऱ्या पंच्यात गुंडाळून वाडीच्या खालच्या बाजूला घेऊन गेले. तासाभरानं परत आले, विहिरीवर अंघोळ केली, आणि आतेनं पुढं केलेला चहा न पिता बाबा गोठ्याकडे निघून गेले. इतक्या लहान मुलाचं दिवसकार्य नसतं, पिंड नसतो, भेटायला येणारी माणसंही उगीच दुसरंच काही बोलतात. पण मूल नसलं तरी बाळंतपण होतंच. आते, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची आणि घर तिच्या शब्दावर चालायचं. तिनं सांगून टाकलं की चाळीस दिवस शालू बाहेर पडणार नाही. शालू म्हणजे आई. कान बांधून, खाटेखाली शेगडी घेऊन आई मागच्या खोलीत पडून राहिली. मेथीची पेज दिली की प्यायची, अळिवाचा लाडू हातात दिला की खायची. बोलायची मात्र नाही. माझी आई मुळात बोलकी बाई. कोंबड्यांशी बोलायची, उतू जाणाऱ्या दुधाला शिव्या घालायची, बाबा जामसंड्याच्या शाळेतून घरी येईपर्यंत दिवसभराच्या गोष्टी जमवून ठेवायची. ती बाई आठवडाभर भिंतीकडे बघत होती. रडत होती म्हणावं तर तेही नाही. मला मनापासून भीती वाटायची की बाळाबरोबर आईसुद्धा गेली आहे आणि आते रोज नुसत्या तिच्या अंगाला तेल लावते आहे.

मामा आला तो अकराव्या दिवशी. तो जहाजावर नोकरीला होता. मुंबईला उतरला, बाळ झाल्याचं पत्र हातात पडलं आणि बारशाला वेळेवर पोचायचं म्हणून तसाच गाडीत बसून निघाला. त्यानंतरचं त्याला कळवणार कोण आणि कुठं? बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, आत येतानाच त्यानं मोठ्यानं हाक मारली, "खंय गेलो माझो भाचो?" आम्ही सगळे पडवीत उभे होतो. त्याच्या एका हातात पेटी होती, दुसऱ्या हातात रंगीत खुळखुळा होता, आणि गळ्यात कातडी पिशवीतला कॅमेरा. दोन दिवस तो राहिला आणि जाताना त्यानं तो कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "रोल भरलेलो तसोच आसा," तो म्हणाला. "बाळाचे फोटो काढूचे म्हणान घेतललंय. आता तूच काढ कसलेय. माका तो हातात धरवणा नाय." पुन्हा जहाजावर जायच्या आधी, मेअखेर, तो कॅमेरा न्यायला येणार होता. कुठला खटका कुठे फिरवायचा, अंतर कसं धरायचं, एवढं त्यानं मला पायरीवर बसून शिकवलं. "यंत्र कितीय भारी असांदे," तो म्हणाला, "उजेड नाय तर फोटो नाय. उजेड तोंडार येवक व्हयो." छत्तीस फोटो निघणार होते. कशाचे काढायचे ते मला सुचेना, म्हणून मी नुसती डोळा लावून त्यातून बघत बसायची.

आई पहिल्यांदा बोलली ती पक्ष्याबद्दल. मी शेगडीत निखारे घालायला गेले होते. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि खिडकीच्या गजांतून बाहेर बघत होती. "गो, ती बघ काय नेता," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं आतेच पलीकडे पुटपुटते आहे. "कोण, आये?" "ती शेंडीवाली. सोडणातलो काथो ओढता." खिडकीबाहेर, समुद्राच्या बाजूला, अनंताचं दाट झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी नारळाची सोडणं पडलेली असत. त्यांवर एक बुलबुल बसून काथ्याचा धागा ताणत होती. तिचा लालगाल्या बुलबुल वगैरे थाट मी पुढं पुस्तकात वाचला. आमच्या घरात ती शेंडीवालीच. डोक्यावर उभी काळी शेंडी, गालावर कुंकवाचं बोट पुसल्यासारखा लाल ठिपका, शेपटीखाली लाल. धागा सुटेना तेव्हा तिनं दोन्ही पाय रोवून मागं जोर दिला आणि उताणी पडता पडता राहिली. आई हसली. बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, बाबा काहीतरी निवडत बसले होते, त्यांनी ते हसू ऐकलं. सूप तसंच मांडीवर धरून ते बराच वेळ बसून राहिले, आत आले नाहीत.

मग आमच्या घराचं सगळं वेळापत्रक त्या पाखराच्या हातात गेलं. आई सकाळी उठून आधी खिडकीशी बसायची. मला सांगून तिनं सोडणाचे बारीक धागे करून खिडकीच्या चौकटीवर ठेवायला लावले आणि शेंडीवालीनं त्यातले दोन नेले तेव्हा तिला कोण आनंद झाला. अंडी झाली तेव्हा मी स्टुलावर चढून बघून आले आणि तीन बोटं दाखवली. त्या दिवशी आईनं आपणहून कुळथाची पिठी मागितली आणि दोन वेळा भात घेतला. बाबांनी कुरकुरणाऱ्या बेड्याला खोबरेल तेल पाजलं. कपडे वाळत घालायची दोरी आतेनं मागच्या अंगणातून पुढं नेली, आणि नेताना, "पाखरांचे लाड करूचे तरी किती," असं तीनदा ऐकवलं. पण बांगडे घेऊन आलेली मासेवाली मागच्या दारी ओरडायला लागली तेव्हा हीच आते धावत गेली आणि तिला म्हणाली, "हळू बोल गो बाये, आमच्याकडे बाळंतीण आसा." मासेवालीनं खिडकीकडे बघून मान खाली घातली. आतेचा हात मात्र अनंताकडे होता. तिच्याही ते जरा उशिराच लक्षात आलं असावं, कारण ती घाईघाईनं बांगडे मोजायला लागली.

पिल्लं बाहेर आली तेव्हा आईचे तीस-एकतीस दिवस झाले होते. आता ती दिवसभर बोलायची. शेंडीवाली किती वेळा आली, नर किती वेळा आला, कुणी उंबराचं फळ आणलं, कुणी अळी आणली, हे सगळं मी बाहेरून आले की मला ऐकवायची आणि संध्याकाळी बाबांना पुन्हा सांगायची. फक्त पिल्लं तिला नीट दिसत नसत. घरट्याच्या वर आणि पुढं अनंताची जाड, गर्द पानं होती. त्यांच्या फटीतून तीन उघड्या चोची तेवढ्या वर येताना दिसत. मलाही तेच नडत होतं. मी फोटो काढायला लागले होते. खंड्याचा विहिरीवरचा, सातभाईंचा खळ्यातला, चाफ्यावरच्या शिंजिराचा, असे वीसेक फोटो मी उडवले होते. पण ज्याच्यासाठी जीव टाकत होते ते घरटं पानांच्या काळोखात बुडालेलं. मामाचं कार्ड आलं होतं, तो चार दिवसांत येणार होता. मला आईला एक फोटो द्यायचा होता. बाळाचा फोटो नाही निघाला, निदान ह्यांचा तरी निघावा, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. ते कुणाला सांगितलं नव्हतं, एवढाच त्यातला शहाणपणा.

हल्ली मी मिठबावच्या घरी असते तेव्हा आमच्या वाडीत पक्ष्यांचे फोटो काढणारे येतात. हातभर लांब भिंगं, अंगावर झाडपाल्याच्या रंगाचे कपडे. मुलं चांगली असतात, मी त्यांना कोकम सरबत देते. पण त्यातला एखादा हळूच म्हणतो, "काकू, ही फांदी जरा बाजूला धरता का, मधे येतेय." मग काकूंचा आवाज चढतो. फांदीला हात लावायचा नाही, पानाला नाही, दिसेल तेवढं बघा नाहीतर चालू पडा. त्यांना वाटतं म्हातारी तऱ्हेवाईक आहे. मी त्यांना काय सांगू?

त्या दिवशी सकाळी आते आईला न्हाणीत घेऊन गेली. आई खिडकीत नसण्याची वेळ तीच, आणि मला तिला फोटो एकदम हातात देऊन चकित करायचं होतं. मी बाबांची कातर घेतली, खिडकीखाली स्टूल ठेवलं आणि घराकडे पाठ करून चढले. शेंडीवाली फणसावर जाऊन चिडून बोलत राहिली. मी एकेक पान देठाशी धरून कापलं, आवाज होऊ नये म्हणून सावकाश. वरची फांदी काथ्यानं मागं ओढून बांधली. चांगला सुपाएवढा झरोका झाला. तीन पिल्लं, अंगावर पिसांच्या नुसत्या काड्या फुटलेल्या, एकमेकांच्या अंगावर माना टाकून पडली होती. घर त्या वेळी उन्हाला आड येत होतं, त्यामुळे तिथं गार सावली होती आणि उजेड कमीच होता. ऊन कौलांवरून इकडे यायची मी वाट बघत बसले. साडेअकरा-बाराला ते आलं आणि थेट घरट्यावर पडलं. आणि मग शेंडीवाली येऊन घरट्याच्या काठावर उभी राहिली, तिनं दोन्ही पंख अर्धे उघडले आणि चोच वासली. तशीच उभी राहिली. चारा आणायला गेली नाही, मान हलवली नाही. मला वाटलं, माझ्यासाठीच उभी आहे. अशी संधी पुन्हा मिळायची नाही म्हणून मी उरलेला सगळा रोल तिच्यावर संपवला. पंखांच्या कडा उन्हात तांबूस दिसत होत्या. एवढं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. मग आतेनं जेवायला हाक मारली. बांगड्याचं तिखलं होतं, मी पोटभर जेवले आणि माजघरात लादीवर झोपले.

जाग आली ती आतेच्या ओरडण्यानं. "शालू, खुळावलंस काय? चाळीस दिस भरूक नाय तुझे! भितर ये आधी!" मी मागच्या दारी धावले. आई उन्हात उभी होती. डोक्याचं बांधलेलं फडकं सुटलं होतं, पाय अनवाणी, चिरे तापून लाल झालेले. बाबांची काळी छत्री तिनं दोन्ही हातांनी घरट्यावर धरली होती. "पिलांक वत लागता गो," ती मला बघून म्हणाली, "ती बिचारी सावळी धरून दमली." तेव्हा मला कळलं. पंख, वासलेली चोच, हलायचं नाही. ती दोन तास पिल्लांवर सावली धरून उभी होती आणि मी तिचे फोटो काढत होते. पण छत्री बघून ती बुजली होती. फणसावरून नुसती ओरडत होती, जवळ येत नव्हती. आई छत्री घेऊन चार पावलं मागं झाली की ऊन घरट्यावर. पुढं झाली की पाखरू लांब. "वन्स, तुमी गप रवा," असं आतेला तोंड वर करून बोलताना मी आईला पहिल्यांदा ऐकलं. मी बांधलेली फांदी सोडली, तर ती वाकडी झालेली, जागेवर येईना. खाली पडलेली पानं गोळा करून मी ती पुन्हा फांद्यांना बांधायला लागले. कोमेजलेली पानं, त्यांची सावली ती काय पडणार. शेवटी आईनं आपल्या साडीचं टोक फाडून फांद्यांवर टाकलं आणि आम्ही तिघी दाराआड उभ्या राहिलो. पाखरू त्या फडक्यालाही भ्यालं.

ऊन माडांमागं गेलं तेव्हा ती आली. चोचीत हिरवी अळी होती. घरट्याच्या काठावर बसून तिनं ती पुढं केली. मग ह्या बाजूनं उडी मारून पुढं केली, मग त्या बाजूनं. तिन्ही माना खाली लोंबत होत्या. ती उडून गेली आणि दुसरी अळी घेऊन आली. अंधार पडेपर्यंत ती येत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही दोनदा आली. त्यानंतर आईनं खिडकी लावून अडसर घातल्याचा आवाज मी ऐकला.

आईला ताप आला, तो चार दिवस राहिला. मग चाळीस दिवस भरले, आते तिला तुळशीपाशी घेऊन गेली, आई चुलीपुढं बसायला लागली. पुढं मला भावंड झालं नाही. आई लोकांच्या दृष्टीनं बरी झाली. स्वयंपाक करायची, वेळेला हसायचीही. पण बाबा शाळेतून घरी आले की त्यांच्यासाठी जमवून ठेवलेल्या गोष्टी नसायच्या. पानांबद्दल कुणी एक अक्षर विचारलं नाही. अनंताला कीड लागली असेल, असं आते म्हणाली आणि मी ते तसंच राहू दिलं. मामा ठरल्याप्रमाणे कॅमेरा घेऊन गेला होता; जहाजावरून परतून चतुर्थीला आला तो मोठा केलेला फोटो चौकट करून घेऊन आला. पंख उघडून उभी असलेली शेंडीवाली, खाली तीन चोची. गणपतीला येणारं प्रत्येक माणूस त्याच्यापुढं थांबायचं आणि म्हणायचं, बघा, आईची माया कशी असते. बाबांनी तो पडवीत लावला. आई तो दर शनिवारी पुसायची. मी त्या भिंतीकडे बघायची नाही, आणि खरं सांगायचं तर आईकडेही बघायची नाही. तिनं मला एकदा फाडकन मारलं असतं तर मी तिच्या गळ्यात पडून रडले असते. पुढं शिकायला म्हणून मी बाहेर राहिले, नोकरी धरली, लग्न केलं, खारेपाटणची झाले. सणाला यायचे, दोन रात्री राहायचे, शाळेचं काहीतरी काम काढून परत जायचे. असं एक-दोन नाही, चाळीस वर्षांहून जास्त.

दोन वर्षांपूर्वी घराला रंग द्यायचा म्हणून मी मिठबावला आले होते. आते, बाबा, मामा कुणीच उरलं नव्हतं. आई त्याच मागच्या खोलीत खाटेवर असायची, नजर अधू झालेली. रंगाऱ्यानं पडवीतला फोटो उतरवून तिच्या खाटेवर आणून ठेवला आणि ती सवयीनं पदरानं काच पुसायला लागली. मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "आये, ती पानां मी कापलंय."

तिनं पुसणं थांबवलं नाही. "म्हायत आसा माका."

"आतेन सांगल्यान?"

"तिका खंय ठावक. मी न्हाणीतसून येवन खिडकेत बसललंय. तू स्टुलार उभी रवान एक एक पान कापी होतंस, ता बघी होतंय मी."

मी विचारलं, "मगे माका आरड कित्याक नाय मारलंस?"

ती फोटोकडे बघत होती. तिला त्यातलं काय दिसत असेल देव जाणे. "माका पिलां दिसाक लागली गो," ती म्हणाली. "इतके दिस नुसत्यो चोची दिसत. त्या दिवशी आखी दिसली, तिनय. म्हटलंय, दिसांदेत. जरा वेळ दिसांदेत." मग म्हणाली, "मी बघूनय गप रवलंय, तुका ता कळला असतला म्हणान तू माझ्यार रागावलंस, असा वाटत रवला माका. म्हणान तू रवणस नाय हंयसर, येतंस नि जातंस."

मी तिला सांगितलं की नाही गो आये, तसं नव्हतं, मला वाटत होतं की तूच माझ्यावर रागावली आहेस. ते सांगताना मी मोठ्यानं रडत होते, साठीच्या घरातली बाई, आणि दारात रंगारी डबा घेऊन उभा होता. आईनं माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि त्याला म्हणाली, "मगे ये रे." त्यानंतर आई पाच महिने जगली. ते पाचही महिने मी मिठबावलाच राहिले.